पंप खोलूचो लागतलो

मालवण, देवबाग, वेंगुर्ला, कोकणातल्या कुठल्याही बंदरावर उतरा. जेटीपासून थोडं आत, माडाच्या सावलीत एक बाकडं दिसेल. बाकड्याच्या फळीला एक जुनं आउटबोर्ड इंजिन टांगलेलं असतं, त्याची टोपी काढून वाळूत उलटी ठेवलेली असते आणि त्या टोपीत स्क्रू, वॉशर, अर्धी विडी आणि चहाचा रिकामा कप असा ऐवज जमा झालेला असतो. इंजिनावर वाकलेला जो पाठमोरा गृहस्थ दिसतो, तोच आपला माणूस. गावागणिक त्याला आबा, भाऊ, दादा अशी नावं असतात. आपण तात्या म्हणू.

तात्या मेकॅनिक नव्हेत, हे आधीच सांगितलेलं बरं. मेकॅनिक पैसे घेतो आणि इंजिन चालू करून देतो. तात्या पैसे घेत नाहीत. दुसऱ्या कलमाबद्दल ते स्वतःहून काही बोलत नाहीत, आपणही विचारू नये.

वय साठीच्या पुढे. अर्धी चड्डी, वर बनियन, आणि बनियनला खिसा नसतो म्हणून कानावर पेन्सिल. उजव्या हाताच्या नखांत जो काळा रंग आहे तो लग्नाच्या फोटोतही दिसतो. अंगाला पेट्रोल आणि टू-टी ऑइलचा मिश्र दरवळ, तोही बरोबर प्रमाणात: दहा लिटरला 200 मिली. एकेकाळी ते होडी घेऊन मासेमारीला जात. आता मुलगा आणि पुतण्या त्याच होड्यांवर पर्यटकांना बसवून डॉल्फिन दाखवायला नेतात. तात्यांच्या वाट्याला इंजिन आलं. मुलगा आणि इंजिन साधारण एकाच वयाचे. दोघंही सकाळी लवकर सुरू होत नाहीत; पण तात्या बोलतात ते फक्त मुलाला.

या जातीच्या माणसाची मुख्य खूण म्हणजे त्याचं निदान. ते एकच असतं. इंजिन सुरू होत नाही? पंप. धूर फार मारतं? पंप. सुरू होतं पण वेग घेत नाही? मग तर पंपच. कोणी येऊन सांगितलं की आज बांगडा मिळाला नाही, तरी तात्या क्षणभर विचार करतात आणि मान हलवत म्हणतात, “पंप खोलूचो लागतलो.”

आता हा पंप म्हणजे किती मोठी वस्तू, असं तुम्हाला वाटेल. तळहातावर मावते. जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्डच्या बगलेला चिकटलेली धातूची किंवा प्लॅस्टिकची डबी, दोन नळ्या आणि मोजके स्क्रू. पण तात्या ती हातात धरतात तेव्हा आवाज खाली येतो. समोर नवखा श्रोता असला, विशेषतः पुण्या-मुंबईचा, तर व्याख्यान अटळ.

“ह्याका वायर आसा? नाय. गियर आसा? नाय. मगे चलता कसां?”

श्रोत्याला उत्तर येत नाही, आणि ते येऊ नये अशीच योजना असते. मग तात्या सांगतात, आणि खरं सांगायचं तर फार सुरेख सांगतात. पिस्टन वर गेला की खालच्या क्रँककेसमध्ये ओढ निर्माण होते, खाली आला की दाब. ही ओढ आणि हा दाब एका बारीक भोकातून पंपात पोचतो. तिथे रबराचा पातळ पडदा, म्हणजे डायफ्राम, ताणून बसवलेला असतो. ओढीला तो एकीकडे जातो, दाबाला दुसरीकडे. एका बाजूची झडप टाकीतलं पेट्रोल आत घेते आणि मिटते. दुसरी ते कार्ब्युरेटरकडे सोडते आणि मिटते. इंजिन मिनिटाला 5000 फेरे घेत असेल तर पडदाही मिनिटाला 5000 वेळा हलतो. इंजिनाचा श्वास वापरून इंजिनालाच खाऊ घालायचं, एवढी ही युक्ती.

“हो पंप न्हय,” तात्या समारोप करतात, “ह्यां काळीज आसा. आपला मिनटाक बहात्तर येळा उडता, तरी लोक दमतत.”

श्रोता अजून पळाला नसेल तर इतिहासाचा अध्याय सुरू होतो. ओले एव्हिनरूड हा नॉर्वेत जन्मलेला आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनात वाढलेला कारागीर तात्यांना नात्यातला वाटतो. त्याच्याबद्दलची गोष्ट जगभर सांगतात ती अशी: उकाड्याच्या दिवशी तळ्याकाठच्या सहलीत त्याच्या वाग्दत्त वधूला आईस्क्रीम खावंसं वाटलं. हा वल्हवत पलीकडे गेला, आईस्क्रीम घेतलं आणि वल्हवत परत येईपर्यंत ते वितळलं. त्या वैतागातून त्याने होडीच्या मागे लावायचं इंजिन बनवलं आणि 1909 मध्ये ते विकायला काढलं. तात्या या गोष्टीचं तात्पर्य मात्र स्वतःचं काढतात. “म्हणजे बगा, बायलेन कायतरी मागितल्यान म्हणान इंजिन झालां. तेच्या आदी पुरुष सुखान वल्हवत हुते.” पुढे 2020 मध्ये एव्हिनरूड नावाची इंजिनं बनणं थांबलं तेव्हा तात्यांनी एक दिवस बाकड्यावर काम केलं नाही. पाऊस होता हेही खरं, पण कारण त्यांनी एव्हिनरूडचंच सांगितलं.

पंप नव्हता तेव्हाचीही हकिगत त्यांच्याकडे आहे. 1950च्या दशकात अमेरिकेतल्या बऱ्याच आउटबोर्डना दोन नळ्यांची टाकी असे. इंजिन एका नळीने टाकीत हवा दाबायचं आणि दुसरीतून पेट्रोल वर चढायचं. म्हणजे होडीत माणसाच्या पायाशी दाबाखालचं पेट्रोल. 1960च्या सुमारास पंप आला, टाकीवरचा दाब गेला आणि एका नळीवर भागू लागलं. “पंप इलो म्हणान लोक वाचले,” असं सांगताना तात्यांचा चेहरा असा होतो की वाचवणाऱ्यांत तेही होते.

या सगळ्यावरून तात्यांना कळत काही नाही, असा समज करून घेऊ नका. इथेच तर गोम आहे. त्यांना सगळं कळतं. भर वेगात इंजिन घसरू लागलं, तर नळीवरचा रबरी फुगा दाबायचा. फुगा दाबल्यावर इंजिन पुन्हा जोर धरत असेल तर पंप कमी पडतोय किंवा नळीत कुठेतरी हवा शिरतेय. फुगा स्वतःच आक्रसून चपटा होत असेल तर पंप निर्दोष. अडथळा मागे, टाकीकडे. प्लग ओला, धूर दाट आणि दोरी ओढून खांदा निखळायची वेळ आली, तर डायफ्राम फाटून पेट्रोल त्या बारीक भोकातून थेट क्रँककेसमध्ये उतरत असण्याची शक्यता. हे सगळं ते झोपेतही सांगतात; काकी, म्हणजे तात्यांच्या सौभाग्यवती, म्हणतात, सांगतातच. फक्त एवढी शास्त्रशुद्ध तपासणी सांगून झाल्यावर ती न करताच त्यांचा हात स्क्रू ड्रायव्हरकडे जातो.

तात्यांच्या पेटीत सहा स्क्रू ड्रायव्हर आहेत. त्यांतला एक जपानी मापाचा, फडक्यात गुंडाळलेला. जपानी इंजिनांच्या स्क्रूंची फुली आपल्याकडच्या साध्या फुलीपेक्षा वेगळी असते. साधा ड्रायव्हर लावून जोर केला की तो वर उचलला जातो आणि स्क्रूचं डोकं गुळगुळीत होऊन बसतं. हे तात्यांनी बंदरावरच्या प्रत्येक तरुणाला शिकवलंय. त्यामुळे तो ड्रायव्हर कायम कुठल्यातरी तरुणाकडे असतो, आणि तात्या साध्याने स्क्रूचं डोकं गुळगुळीत करतात. मग खारं पाणी, ॲल्युमिनियममध्ये चिकटलेलं स्टील आणि मनुष्यस्वभाव या विषयांवर बोलत हातोडी, छिन्नी आणि रॉकेलाचे थेंब यांचा कार्यक्रम चालतो. एक स्क्रू निघतो. प्रेक्षक वाढतात.

प्रेक्षक हा या विधीचा आवश्यक भाग आहे. विशेषतः 1 जून ते 31 जुलै, म्हणजे मासेमारी बंदीच्या 61 दिवसांत, जेव्हा होड्या झापाखाली गेलेल्या असतात आणि माणसांना कुठे जायचं नसतं. त्या दिवसांत तात्यांच्या पडवीत पंप उघडला जाणं हा सार्वजनिक कार्यक्रम असतो. एक जण विजेरी धरतो. एक जण “आमच्या बापाशीन असोच खोललेलो” असं सांगतो. एक जण काहीच बोलत नाही, फक्त प्रत्येक भाग सुटल्यावर “हं” म्हणतो. तात्यांना तोच सर्वांत जाणकार वाटतो.

डबीचे थर वेगळे करताना कुठला थर कुठे होता हे कळावं म्हणून उघडण्यापूर्वी कडेला एक तिरकी रेघ ओढून ठेवावी, अशी जगभरची रीत. तात्यांना ती रीत ठाऊक आहे. स्वतःसाठी मात्र ती अपमानास्पद वाटते. “खूण कशाक होयी? माझ्या डोळ्यासमोर आसा.” थर वर्तमानपत्रावर ओळीने मांडले जातात: झाकण, गॅस्केट, डायफ्राम, मधला भाग, पुन्हा गॅस्केट. तेवढ्यात त्यांचं लक्ष गॅस्केटच्या भोकातून दिसणाऱ्या बातमीकडे जातं. बातमी जुनी असते, पण अर्धी राहून कशी चालेल? पूर्ण वाचण्यासाठी गॅस्केट उचललं जातं आणि वाचून झाल्यावर दुसरीकडे ठेवलं जातं. पुतण्या त्याआधीच गुपचूप मोबाइलवर फोटो काढून ठेवतो. ते फोटो तात्यांना कधी दाखवले जात नाहीत, शेवटी काकींच्या मोबाइलवर पाठवले जातात आणि काकी भाकरी थापता थापता सहज म्हणाव्यात तसं म्हणतात, “अवो, ती काळी चकती आदी हुती वाटता.”

आणि मग स्प्रिंग. काही पंपांत डायफ्रामच्या मागे एक छोटी स्प्रिंग असते. ती उडते. आजवर कोणाच्याही हातून उडाल्याशिवाय राहिलेली नाही. प्रेक्षकांतले सगळे वाकून शोधू लागतात, कोंबडीवर संशय घेतला जातो, आणि शेवटी स्प्रिंग तात्यांच्या बनियनच्या घडीत सापडते. या शोधाच्या काळात बंदरावरचे किती वाद मिटले असतील, देव जाणे.

रबराच्या बाबतीत मात्र तात्यांशी वाद घालू नये. तिथे ते पोळून शिकलेले आहेत. किट मिळत नव्हतं त्या काळात त्यांनी ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून डायफ्राम कापून बसवला होता. कापला इतका सुबक की बघायला माणसं आली. पण ट्यूबचं रबर पेट्रोलात फुगतं. चार दिवसांत तो पडदा सुरकुतून, सैल होऊन आतच लोळू लागला. डायफ्रामचं रबर पेट्रोल सोसणारं, नायट्राइलसारखं असावं लागतं, शिवाय बऱ्याचदा त्यात कापडाचा थर असतो. तेव्हापासून तात्या फक्त किट वापरतात आणि किट आलं की चष्मा लावून आधी ते खरं आहे का हे बघतात. डायफ्राम दिव्यासमोर धरून वाकवायचा, ताणायचा, नखाने दाबायचा. “डुप्लिकेट!” हा शब्द ते ज्या आनंदाने उच्चारतात, तो आनंद खरं किट निघाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नाही.

अलीकडे त्यांना एक नवा शत्रू मिळाला आहे: इथेनॉल. पेट्रोलात आता वीस टक्क्यांपर्यंत ते मिसळलेलं असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं; टाकी महिनोन्महिने पडून राहिली आणि पाणी पुरेसं झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतं. जुन्या काळच्या रबरालाही ते मानवत नाही. हे सगळं खरंच आहे. पण तात्या घरातली गळकी कौलं आणि मुलाचं न जमणारं लग्न हेही इथेनॉलच्या खात्यावर घालू लागले तेव्हा काकींनी हस्तक्षेप केला.

काकींची मूळ तक्रार जुनी आहे. झडपा नीट मिटतात का हे बघायला तात्या पंपाच्या नळीला तोंड लावून फुंकतात आणि ओढतात. एका बाजूने हवा जायला हवी, उलट यायला नको. पद्धत बरोबर, पण पंप आधी पूर्ण वाळवायचा असतो ही पायरी ते गाळतात. मग तोंडात आलेलं पेट्रोल थुंकून ते जाहीर करतात, “पाणी आसा ह्याच्यात.” त्यावर स्वयंपाकघरातून आवाज येतो, “चायत साखर नाय ता कळणा नाय, आणि पेट्रोलात पाणी पडलां ता बरां कळता!”

जोडणीची वेळ येते तेव्हा प्रेक्षक पांगलेले असतात. उघडण्यात नाट्य असतं. जोडण्यात फक्त काम. तात्यांचं खरं रूप इथे दिसतं, आणि बघायला कोणी नसतं हे वाईट. डबीचे पृष्ठभाग सपाट आहेत का हे बघायला ते काचेच्या तुकड्यावर झिरो नंबरचा पॉलिश पेपर ठेवतात आणि त्यावर एकेक भाग हलक्या हाताने घासतात, दाब सगळीकडे सारखा. गॅस्केटला शेलॅक किंवा कुठलाही लगदा लावत नाहीत. तो सुटून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसेल, म्हणून गॅस्केट कोरडंच. स्क्रू एकदम आवळत नाहीत. एक थोडा, समोरचा थोडा, मग तिसरा. मघाशी हातोडी चालवणारा माणूस हाच का, असा प्रश्न पडावा. सगळं बसल्यावर टोपीत एक वॉशर उरतो. तात्या तो उचलून एका बरणीत टाकतात. बरणी जवळजवळ भरली आहे, आणि इंजिनही अजून चालतं, यावरून तात्यांनी काढलेला निष्कर्ष असा की कारखानेवाले वॉशर जास्तच घालतात.

मग चाचणी. इंजिनाचं खालचं अंग पाण्याच्या पिंपात बुडवायचं, फुगा कडक होईपर्यंत दाबायचा, चोक ओढायचा, दोरी ओढायची. दोरी पुतण्या ओढतो. तात्या “थांब”, “आता”, “असां नाय” एवढंच म्हणतात. इंजिन एकदा खोकतं, दुसऱ्यांदा खोकतं आणि निळा धूर सोडून धडधडू लागतं. बाजूच्या भोकातून गार पाण्याची धार सुटते. तात्या धारेत बोट धरून पाणी किती कोमट होतंय ते बघतात आणि शेजाऱ्यांकडे न बघता शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, “पंप हुतो.”

पिंपात चालणं वेगळं आणि समुद्रात चालणं वेगळं. खाडीच्या मुखाबाहेर पूर्ण वेग दिला की थोड्या वेळात इंजिन पुन्हा घसरतं, हळू होतं, बंद पडतं. होडी डोलू लागते. पुतण्या फुग्याकडे बघतो, फुगा चपटा. टाकीच्या झाकणाकडे बघतो. झाकणावरचा हवेचा स्क्रू गच्च बंद. सुरुवातीपासून बंद असणार. पेट्रोल बाहेर जातंय, हवा आत येत नाही, मग पंपाने ओढायचं तरी काय? तो स्क्रू फिरवतो. टाकी ‘फुस्स’ करून मोठा श्वास घेते. दोरीच्या पहिल्या हिसक्याला इंजिन सुरू.

दुसरा कोणी असता तर शरमला असता. तात्या डोळे मिचकावून पुतण्याच्या पाठीवर थाप मारतात. “बगलंस? पंप कसो ओढता आता! टाकी आकसली! आदी आकसायची काय?”

या उत्तराला तोड नाही. आणि त्यात तथ्यही आहे, हा त्याचा आणखी एक दुर्गुण.

पंप उघडायची तात्यांना एवढी हौस का, याची बंदरावर तीन उत्तरं मिळतात. मुलगा म्हणतो चिक्कूपणा. पण किट, कुरियर आणि मोडलेले ड्रायव्हर यांचा हिशेब मांडला तर नवा पंप कधीच आला असता. काकी म्हणतात रिकामटेकडेपणा. पुतण्या म्हणतो सवय. तिन्ही उत्तरं जवळपास बरोबर आहेत. पण बाकी गोष्टींकडे जरा बघा. या पंपासारखी तीस-चाळीस वर्षं उघडून बघता येईल अशी दुसरी वस्तू तात्यांच्या आयुष्यात उरलेली नाही. टीव्ही उघडता येत नाही, बँकेतल्या पासबुकाचं काम मोबाइलमध्ये गेलं, मुलगा मनातलं सांगत नाही. या डबीत मात्र रबराचा एक पडदा आणि दोन झडपा आहेत, आणि बिघडलं तर बिघाड हाताला लागतो. त्यामुळे बिघाड टाकीच्या झाकणात असला तरी तात्या शोधणार पंपातच. शोधायला जाण्यासारखी जागा तेवढीच आहे.

गेल्या मोसमात पुतण्याने कर्ज काढून नवं फोर-स्ट्रोक इंजिन आणलं. बटणाने सुरू होतं, धूर नाही, आवाज नाही, इंधन मोजून देणारा संगणक आत. पूजेला सगळे जमले. तात्या आले, हार घातलेल्या टोपीकडे बघून मान हलवली आणि नारळ फुटल्यावर हळूच म्हणाले, “टोपी काढ बगूया.” काढली. आत वायरींचं जंजाळ, काळी खोकी, जोड. तात्यांचा चेहरा पडला. बोट हवेतच फिरत राहिलं. मग ते एका कोपऱ्यावर थांबलं. हाय-प्रेशरचा विजेचा पंप खराच. पण टाकीतून त्याच्यापर्यंत पेट्रोल आणून द्यायला अशा बऱ्याच इंजिनांत अजूनही एक छोटी डबी असते. दोन नळ्या, मोजके स्क्रू, आत रबराचा पडदा. फक्त त्याला हलवतो तो आता कॅमशाफ्ट.

“हो काय हडे?” तात्यांचे डोळे लकाकले. “येवढो कंप्युटर हाडल्यानी, आणि पेट्रोल हाडूक रबरच!”

“तात्यानू, हात लावू नकात. वॉरंटी आसा,” पुतण्या मध्ये आडवा झाला.

तात्यांनी हात मागे घेतला. घरी जाऊन त्यांनी वॉरंटी संपण्याची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात पेन्सिलीने लिहिली. ती तारीख यंदाच्या वर्षातली नाही, हे काकींनी दाखवून दिलं. तर आता ते दर जानेवारीत ती नव्या कालनिर्णयावर उतरवून घेणार आहेत; आणि तो फडक्यात गुंडाळलेला जपानी ड्रायव्हर मात्र त्यांनी कोणाला उसना देणं तेव्हापासून बंद केलं आहे.